नव्या डायवरचं ताट

मंगळवार, संध्याकाळ

चारठाण्याजवळच्या एका गावात आज पुढच्या दहा वर्षांचा बस आराखडा समजावून सांगितला. विजेच्या गाड्या येणार म्हटल्यावर टाळ्या पडल्या. त्या चार्जिंगसाठी रोज रात्री डेपोत परततील, गावातली मुक्कामी गाडी बंद होईल, हे मात्र मी घाईघाईत उरकलं. का?

या गावात मुक्कामी ड्रायव्हर-कंडक्टरचं ताट रोज वेगळ्या घरून येतं. निघताना तिथल्या कौसाबाईंनी मला गाठलं. "मॅडम, विजेच्या गाडीवरच्या नव्या डायवरला तिखट चालतंय का? आत्ताच्याला लय झोंबतंय. त्याचं कालवण आमी येगळं काढतो."

"चालतं," म्हणाले मी. गाडी रात्री थांबणारच नाही, एवढं सांगायला काय झालं होतं मला? नव्या ड्रायव्हरचं पहिल्या रात्रीचं ताट त्यांनी आपल्या घरी मागून घेतलंय.