सात वेळा उघडलेलं झाकण

अहो,

शहागंजातून कोळसा घेऊन याल तेव्हा अंगणातली डुक्कर भाजायची पेटी रिकामी दिसेल. ओरडू नका, डुक्कर कुणी पळवलं नाय. मीच बाहेर काढून त्याचे तुकडे केले. आता मार्थावन्संच्या मोठ्या चुलीवर रस्सा करायला घेऊन चाललेय.

चिकलठाण्याहून फळ्या आणून, आतून पत्रा ठोकून महिनाभर खपून ती पेटी केलीत. झाकणावर निखारे ठेवायचे आणि चार तास हात लावायचा नाय, हा कायदाही तुमचाच. मग चर्चमधून जो येईल त्याला "या, बघा, अख्खं भाजतोय" म्हणत झाकण कुणी उघडलं? सात वेळा मोजलं मी. सगळी धग वाऱ्यावर गेली. बारा वाजले तरी मांडीतून लाल पाणी येत होतं. दोन वाजता माणसं नाताळचं जेवायला येणार, त्यांना काय कच्चं वाढू? डोकंच फिरलं माझं.

कोळसा ओट्यावर ठेवा आणि भाकरीचं टोपलं घेऊन तिकडंच या, जेवायच्या माणसांनाही तिकडंच बोलावलंय. शिमोन माझ्यासोबत आहे. दोन वर्षांनी घरी आलाय पोरगा, अन् तुम्ही सकाळपासून "नोकरी का सोडलीस" हेच टुमणं लावलंय. जेवताना पुन्हा विचारलंत तर मी ताटावरून उठेन.

मघाशी कांदा चिरता चिरता त्यानं मला नोकरीचं सगळं सांगितलं. मी काहीच विचारलं नव्हतं.