आडवे काप

१७ मार्च २०१६
तिसऱ्या ओळीतल्या मोसंबीला कान फुटलेत. खोडावर बुरशीचे, तपकिरी, बशीएवढे. बोट दाबलं तर लाकूड शिळ्या भाकरीसारखं चुरलं. आजूबाजूचे मळे प्लॉटिंगवाल्यांनी खाल्ले. आमची बाग आतूनच कुणीतरी खातंय.

१९ मार्च
कृषी महाविद्यालयाचे सर येऊन गेले. खोडकूज म्हणाले. छाटणीच्या जखमेतून शिरते. जखमेवर मोरचूद-चुन्याची पेस्ट नसली की दोन-तीन वर्षांत झाड पोकळ. कापून जाळा.
२०१३च्या दुष्काळात झाडं जगवायला निम्म्या फांद्या उतरवल्या होत्या. कुणी? खुलताबादच्या युसूफनं. सापडला!

२७ मार्च
पेपरात माझा रविवारचा स्तंभ आला — ‘करवतवाले सर्जन’. नाव घातलं नाही. पण खुलताबादहून इकडं छाटणीला येणारा माणूस एकच. फोनवर फोन. लोक लई हसले.

५ एप्रिल
शेजारचा बद्रीनाथ भेटला. यंदाही विहीर आटली, त्याला फांद्या उतरवायच्यात. युसूफला सांगून ठेवलं होतं, लेख वाचून नको म्हणून कळवलं. आणखी चौघांनी तेच केलं म्हणे. तुमच्या लेखणीला लई धार हो, म्हणाला. एरवी अशा कौतुकावर मी चहा पाजला असता.

११ एप्रिल
आणखी सहा झाडांना कान. सगळी तिसऱ्याच ओळीत. का?

१२ एप्रिल
जाळण्याआधी काप पाहिले. बाकी बागेत काप तिरपे, पाणी ओघळून जावं असे. कडेला पेस्टचा निळा डाग अजून आहे. तिसऱ्या ओळीत काप आडवे, पाटासारखे सपाट. निळं काहीच नाही.
युसूफ आडवं कापत नाही.
ती ओळ मी कापली होती. ‘यात कसली आलीय विद्या’ म्हणून त्याच्या हातातून करवत घेतली होती.

१३ एप्रिल
बायकोला, मुक्ताला सांगितलं. डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “मग आता हेही छापा की.”
लिहायला बसलो. तीन ओळी, तिन्हींत विनोद. फाडल्या.

१४ एप्रिल
लेख पाठवला. युसूफचं नाव घालून, माझं घालून. कुणी हसणार नाही.

१७ एप्रिल
अंक घेऊन खुलताबादला गेलो. युसूफनं वाचला, घडी करून परत दिला. छाटणीचे दिवस निघून गेले, म्हणाला. मग:
“मला ठाऊक होतं, भाऊ. तुम्ही कापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पेस्टचा डबा घेऊन आलतो. तुम्ही आतून म्हणलात, लिहायलोय, उद्या ये. तीनदा आलो.”

१८ एप्रिल
त्या छाटणीच्या आठवड्यातला माझा स्तंभ शोधून काढला. विषय — सरकारी कचेरीतलं ‘उद्या या’.