बेटावर जाण्याआधीची हजेरी

२ एप्रिल

अंदमान! पोरांनी आज जेवताना जाहीरच करून टाकलं. पियुषची दहावी संपली, रोशनी नववीत जाणार. दोघांनी महिनाभर गुपचूप कागद रंगवले म्हणे.

नागपूर ते चेन्नई रेल्वेनं, स्लीपर. विमान तेवढं चेन्नईपासून. तिकडे सरकारी बोट, राहायला एका बाईंच्या घरी खोली. मे महिन्यात सगळं निम्म्या भावात. "काहून निम्म्या भावात?" मी विचारलं. पियुष म्हणाला, "उन्हाळ्यात शहाणे लोक जात नाही आजोबा. म्हणून आपण जाऊन राहिलो."

रोशनीला तिथलं एक घुबड पाहायचंय. जगात दुसरीकडे नाही म्हणे. पियुषला ओहोटीत उघडी पडणारी प्रवाळं. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही काढून आणलंय त्यानं.

धम्मदीपला कोराडीच्या वीज केंद्रातून मे महिन्यात सुट्टी मिळत नाही. सूनबाई भारती नर्स, तिचंही तेच. मग सोबत कोण?

"बाबा जातील ना," धम्मदीप म्हणाला. "एकोणतीस वर्षं पोरं सांभाळली. मास्तर सोबत असले की मले टेन्शन नाही."

मी ताटावरून उठलो.

३ एप्रिल

समुद्र मी पाहिलेला नाही. शिकवला मात्र दरवर्षी. सातवीच्या पुस्तकात ती लाटांची कविता होती, चालीवर म्हणायची. डोळे मिटून म्हणत असे. खिडकीबाहेर तुरीचं शेत, आणि वर्गात समुद्र. शेवटच्या कडव्याला पोरं डोलायची. काय दिवस होते.

आज ती म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्यापाशी सोडून दिली.

६ एप्रिल

गुडघा दुखतो म्हणालो. पियुषनं बेट बदललं. आता लहान बेट, सगळं सपाट, चढ नाही.

७ एप्रिल

बोट लागेल म्हणालो. भारतीनं गोळ्या आणून ठेवल्या. "सकाळी एक घ्या. चार तास मळमळ नाही." तिच्यापुढे दुखण्याचं सोंग टिकत नाही.

१० एप्रिल

लिहूनच टाकतो. या वहीत तरी.

जानेवारी १९८९, रविवार. मी मौद्याकडच्या एका गावात मास्तर होतो. आठवीची सहल तलावावर नेली. अडतीस मुलं-मुली, मी एकटा. चारला परत निघालो. मी पुढच्या सीटवर, मांडीवर लाल पुठ्ठ्याचं हजेरीबुक. नावं घेत गेलो. "सुमती." "हजर सर." आवाज मागून आला. मी मान वर केली नाही. माझी सवयच ती – डोळे कागदावर, नावं चालीवर, कवितेसारखी. पोरं कधी कधी एकमेकांची हजेरी लावून टाकत, मला ठाऊक होतं.

सुमती बसमध्ये नव्हती. कमळपक्षी जवळून पाहायला ती पाण्यात उतरली होती. बुडाली.

गावात पोचलो तेव्हा तिचा बाप स्टँडवर कंदील घेऊन उभा. सगळी पोरं उतरली. तो बसमध्ये चढला, सीटांखाली पाहून आला. मग मला म्हणाला, "मास्तर, एक कमी हाये."

चौकशीत मी सांगितलं, हजेरी घेतली, कोणीतरी तिच्या नावानं हजर म्हणालं. कोण? प्रेमिला – तिची मैत्रीण, नेहमी तिच्या शेजारी बसणारी. सगळ्यांना पटलं. प्रेमिलाच्या बापानं तिला शाळेतून काढलं.

मी तिला कधी दोष दिला नाही. पोरच ती. चूक माझी एवढीच, मान वर केली नाही.

रोशनी पक्षी पाहते तेव्हा तिला हाक ऐकू येत नाही. हे मी आजवर कौतुकानं सांगत आलोय.

१४ एप्रिल

जयंती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. चौकात प्रचंड गर्दी, निळे झेंडे, डीजे. मी दोघांचे हात धरून ठेवले. पियुषला मिसरूड फुटलंय! तो म्हणाला, "आजोबा, सोडा गा आता, पोरं हासून राहिले."

सोडला. एका क्षणात दिसेनासा झाला. रस्त्यात खाली बसलो. लोक म्हणाले ऊन लागलं. कोणीतरी सरबत पाजलं. पियुष दहा पावलांवर बुंदी घेत होता.

इथं दहा पावलं. तिथं चहूकडे पाणी.

१८ एप्रिल

वाईट काम केलं. बेटावर ओळखपत्र लागतं. माझं आधार कार्ड ट्रंकेत तळाशी लपवलं.

२० एप्रिल

घरभर शोध. रोशनी माळ्यावर चढली, धुळीनं शिंकत होती. "तुमच्याबिना आम्हीबी नाही जाऊ शकत, आठवा ना कुठं ठेवलं." रडवेली झाली. मी पाहत बसलो.

दुपारी सगळे झोपले तेव्हा ट्रंक उघडली. कार्ड ज्या वहीत खुपसलं होतं ती माझी कवितांची वही – सगळ्या पाठ्यपुस्तकांतून उतरवलेली. लाल पुठ्ठा, कोपरे उंदरांनी खाल्लेले. तिच्यावर नाक ठेवलं. शाईचा वास अजून आहे. बराच वेळ वाचत बसलो.

कार्ड फ्रिजवर ठेवून दिलं. "सापडलं!" रोशनी ओरडली. तिला वाटलं, तिलाच सापडलं.

२५ एप्रिल

तिकिटं झाली. सात मे, चेन्नई. पियुषनं सगळं छापून फाइलीत लावलं. "ज्येष्ठ नागरिकांची सूट बंद झाली आजोबा. तुमच्या वयाचा काही फायदाच नाही उरला."

झोप उडालीय. डोळा लागला की कंदील दिसतो.

२६ एप्रिल

जाण्याआधी मन स्वच्छ करावं. प्रेमिला इथंच इंदोऱ्याला असते, पिठाची चक्की आहे. अकरा वर्षं माहीत आहे मला. त्या रस्त्यानं मी जात नाही. उद्या जातो. तिला सांगतो, माझ्या मनात काही नाही. तिनंही मोकळं व्हावं.

२७ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो.

चक्की चालू होती. पन्नाशीची बाई, भुवयांवर पीठ. लगेच ओळखलं तिनं. "देवराव सर," म्हणाली. बसायला स्टूल दिलं.

मी पाठ करून गेलेलं बोललो. लहान होतीस, मैत्रिणीसाठी म्हणालीस हजर, माझ्या मनात राग नाही.

तिनं चक्की बंद केली. पट्टा थांबू दिला.

"सर, तुम्ही मले माफ कराले आले?"

मी मान हलवली.

"मी हजर म्हटलंच नाही. तुम्ही हजेरी घेतलीच नव्हती. गाडी सुटली तशी कविता म्हणून राहिले होते तुम्ही. समुद्राची. डोळे मिटून. आम्हालेबी म्हणायले लावली."

म्हणालो, नाही वं बाई, हजेरीबुक माझ्या मांडीवर होतं, लाल पुठ्ठ्याचं.

"रविवार होता सर. हजेरीबुक हेडमास्तरच्या कपाटात, कुलपात. तुमच्या हाती कवितेची वही होती. तीच लाल होती."

मी म्हणालो, मग तेव्हा का नाही सांगितलंस?

"सगळ्यायले सांगितलं. मास्तर खोटं बोलन काय, म्हणे. बापानं मारलं." मग म्हणाली, "सुमी नाही दिसत, हे सांगाले मी उठली होती. तुम्ही हातानंच खाली बस म्हटलं. कडवं तुटलं असतं तुमचं."

एक बाई गव्हाचा डबा घेऊन आली. प्रेमिलानं चक्की सुरू केली.

घरी येऊन वही काढली. मांडीवर ठेवली. तेवढीच रुंद, तेवढीच जड. छत्तीस वर्षं मी तिच्यात नावं वाचत होतो. आत एकही नाव नाही. कविता आहेत.

खोटं बोललो तेव्हा ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं का? आठवत नाही. याचीच भीती वाटते. पाण्याची नाही आता.

२८ एप्रिल

सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. धम्मदीप लहानपणापासून ती दुसरीच गोष्ट ऐकत आलाय. त्यानं उठून पंखा बंद केला. "आणि त्या बाईचं काय, बाबा?" एवढंच विचारलं.

मी म्हणालो, माझ्यासोबत पोरं पाठवू नका.

रोशनीनं विचारलं, "किती वर्षांची होती ती?"

"चौदा."

ती उठून आत गेली. जेवायला आली नाही.

३० एप्रिल

स्टँपपेपरवर खरं काय ते लिहिलं, सही केली, प्रेमिलाला नेऊन दिलं. तिनं पिठाचे हात पुसले, कागद तराजूच्या मागे ठेवला. वाचला नाही.

"आता कोणाले दाखवू सर? बाप गेला. सुमीचा बापबी गेला."

निघताना मागून म्हणाली, "दळण आणत जा. पायी येता तर रिकाम्या हातानं नका येऊ."

३ मे

पाच दिवस रोशनी माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी दोघं माझ्या खाटेपाशी आली. पियुष म्हणाला, तिकिटाचे पैसे परत भेटत नाहीत. रोशनीनं त्याला कोपरानं ढोसलं.

"आमची अट हाये," ती म्हणाली. "हजेरी तुम्ही घ्यायची. रोज. बोटीत चढताना, उतरताना, पाण्यापाशी. आमच्याकडे पाहून."

"आणि कविता बंद," पियुष.

भारती स्वयंपाकघरातून म्हणाली, "गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी जायचं नाही. आजोबाबी नाही." धम्मदीपनं संध्याकाळी माझ्या चपलांना नवे बंद लावून आणले.

भीती गेलेली नाही. ती जाऊ नये असं वाटतं.

१० मे

धक्क्यावर. समुद्र समोर आहे, अजून नीट पाहिलेला नाही. लाल वही उघडली, कोऱ्या पानावर दोन नावं लिहिली. मान वर करून हजेरी घेतली. पियुष – हजर. रोशनी – हजर.

वही मिटत होतो. रोशनी म्हणाली, "एक राहिलं."

तिसरं नाव लिहिलं. मोठ्यानं घेतलं. वाट पाहिली. दोघं गप्प उभी होती, नुसत्या लाटांचा आवाज.

सुमती – गैरहजर.