मशीन लेव्हलमध्ये आहे

२ मार्च १९९३
पिनबॉल मशीन घरी आलं. मडगावातलं एक हॉटेल बंद पडलं, तिथलं. लाकडाच्या लॉरीवर घालून थेट कुंभारवाड्यात आणलं. लांबडी पेटी, वर काच, खाली चार पाय. परशू गावकर बघायला आले. काचेवरून हात फिरवून हळूच म्हणाले, "गोव्यातनं आणलंस म्हणतोस पुंडलिका, तर आत कोण हाय?" ख्रिस्तावांची शवपेटी समजले! हे आमच्या गावचे मानकरी. अशा लोकांत राहून प्रगती करायची आहे.

बटण दाबलं की दोन दांड्या उडतात, पोलादी गोळी वर जाते, दिवे लागतात, घंटा वाजते. जोयडा तालुक्यात दुसरं नाही. नाव ठरलं: कुंभारवाडा पिनबॉल सेंटर. किराणा दुकान बंद. मीठ-मिरची कुणीही विकतं.

३ मार्च
मशीन पुढच्या खोलीत बसवलं. तिथं देवकीचं शिलाई मशीन होतं, ते ओसरीवर काढलं. तिला उजेड मिळेल, वारा मिळेल. बायकोचा इतका विचार करणारा नवरा या भागात शोधून सापडायचा नाही. ती शिवणाचा गठ्ठा उचलून बाहेर गेली. भारावली असावी.

५ मार्च
मोठा दोष सापडला. मशीन पुढच्या बाजूला कललेलं आहे! त्यामुळं गोळी सारखी खाली येते आणि दांड्यांच्या मधून गळते. एवढं साधं कुणाच्या लक्षात आलं नाही. गवंड्याची पाणसळ आणली. पुढच्या दोन पायांखाली सावरीच्या फळ्या सारल्या. बुडबुडा बरोबर मध्यात. मशीन लेव्हलमध्ये आहे.

८ मार्च
उद्घाटन. पहिला मान शेजारच्या नागूला. गोळी वर गेली आणि मधोमध उभी राहिली. नागू वाट बघत थांबला. मग म्हणाला, "दमली वाटतं." काच काढून मी हातानं गोळी खाली आणली. पुन्हा तेच. लोक हसले, म्हणजे आवडलं.

देवकी दारातून म्हणाली, "उतार न्हाई तर शेतात पाणी बी फिरत न्हाई. गोळी कशी फिरंल?" शेती वेगळी, टेक्नॉलॉजी वेगळी, हे तिला शांतपणे समजावलं.

१९ मार्च
नवा नियम: गोळी थांबल्यास काच काढून ढकलायला परवानगी.
आज कुणी आलं नाही. व्होल्टेजही नाही.

६ एप्रिल
शिवायला आलेल्या ब्लाऊजच्या गठ्ठ्यात कोंबडीनं अंडं घातलं. दोष माझ्यावर. देवकी म्हणाली, "ती पेटी त्या खोलीतनं काढा, न्हाईतर मला म्हायारला पोचवा." मी म्हटलं, सेंटर नुकतं उभं राहतंय, अशा वेळी जागा बदलून चालत नाही. आंब्यांचे दिवस आहेत. तिला नंदगडच्या गाडीत बसवून दिलं. माहेरी चार दिवस राहील, मन रमेल, येईल.

२१ मे
आंबे संपत आले.
रोज सराव चालू. आज स्वतःचाच रेकॉर्ड मोडला. हॉल रिकामा होता, टाळ्या नव्हत्या. हाताची भाकरी करपते. तब्येतीला बरी असते म्हणतात.

११ जुलै
दमट हवेनं गोळीला गंज. खोबरेल लावलं. छान चमकली. संध्याकाळी मशीनभर मुंग्या. निकराचा खेळ झाला, पण मुंग्या मरण्यासाठी गोळी फिरावी लागते.

२ ऑगस्ट
शोध लागला. पिनबॉलला थोडा उतार पाहिजे. हा शोध संपूर्ण माझा.

उद्या फळ्या काढणार. एवढंच नाही, मशीन दुकानाच्या खोलीत हलवणार. पुढची खोली देवकीची देवकीला. मी वाकलो असं कुणी समजू नये, जागेची सोय बघितली. खरं सांगायचं तर घरात शिलाई मशीनचा आवाज नाही, त्यानं बरं वाटत नाही. शेजारच्या इंदुबाई बाजाराला नंदगडला जाणार आहेत. त्यांच्याबरोबर निरोप दिला: खोली मोकळी होतेय, ये.

३ ऑगस्ट
फळ्या सापडल्या नाहीत. त्यांच्या जागी वारूळ. तांबड्या मातीचं, दोन्ही पुढचे पाय गुडघ्यापर्यंत पोटात घेतलेलं. वाळवीनं सावर खाल्ली आणि वर घर बांधलं. मी रोज मशीनवर वाकत होतो, खाली कधी बघितलंच नाही.

फावडं घेतलं. इंदुबाईंनी मनगट धरलं. "हात लावू नको. वारूळ न्हवं ते, सातेरी देवी आली तुझ्या घरात." सांजेपर्यंत हळद, कुंकू, फुलं. गावकर म्हणाले, देवी आपल्या पायानं आली, आता कौल घेतल्याबिगर ढेकूळ बी हलवायचं न्हाई. इंदुबाईंनी जाताना हळूच विचारलं, निरोपाचं काय करू? म्हटलं, द्या. देवी समजूतदार असते.

१२ ऑगस्ट
कौल. गावकरांनी वारुळाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विचारलं, मशीन हलवावं का? डावी पडली.

पंख्याचा वारा लागला असणार. पंखा बंद होता.

५ सप्टेंबर
पुन्हा कौल. पुन्हा डावी. गावकर म्हणाले, देवीला सारखं तेच विचारू नये, ती काय बहिरी न्हाई.

१४ ऑक्टोबर
सेंटर फुललं! दिग्गीहून, नंदिगड्ड्याहून माणसं येतात. काचेवर नारळ ठेवतात, स्कोअरबोर्डाला हार घालतात. खेळणारे कमी. म्हणजे नाहीत. पण मशीनपाशी गर्दी व्हावी हे माझंच स्वप्न होतं. कुणी विचारत नाही की पेटी कुणाची.

२९ ऑक्टोबर
देवकी येतेय! मंगळवारी, भाऊ नारायणबरोबर. इंदुबाईंनी सांगितलं. ओसरी सारवली. शिलाई मशीनला तेल घातलं. पुढच्या खोलीत भिंतीकडेला जागा केली. पेटी, देवी आणि देवकी, तिघींना पुरेल. एवढे महिने वाट बघितली हे मी तिला सांगणार नाही. सांगेन कदाचित.

२ नोव्हेंबर
आली. वाळली आहे. तिनं देवीची ओटी भरली, मग गावकरांना म्हणाली, कौल लावा. काय विचारायचं? म्हणाली, "ह्या घरात मागारी यावं का."

मी मशीनला धरून उभा राहिलो. उजवी पडली. लगेच पडली. बायांनी हात जोडले. मी धावत ओसरीवर गेलो आणि शिलाई मशीन आत आणायला उचललं.

देवकी दारात उभी होती. म्हणाली, "देवीनं व्हय म्हटलं. पण देवीला हितं नुसतं बसायचं हाय. संसार मला करायचा हुता."

मग भावाला म्हणाली, शिलाई मशीन गाडीत घे. माझ्या हातातलं. वजन फार आहे, एकट्याला झेपत नव्हतं, म्हणून मीही धरलं. गाडीत नीट बसवून दिलं. हलू नये म्हणून खाली पोतं घातलं. ती बघत होती. म्हणाली, जेवत जावा.

गाडी गेल्यावर गावकर म्हणाले, बाईनं कौल मोडला, दोष लागंल तिला. मी म्हटलं, तो मला लावा. हे देवीला विचारायची गरज नाही.