जांभूळगडाचा मागचा दरवाजा

४ जानेवारी, शनिवार

सापडला! मागचा दरवाजा सापडला.

दोन महिने जांभूळगडाच्या हत्तीदरवाजाशी डोकं फोडत होते. एकशे बारा पायऱ्या, त्याही गुडघाभर उंच. त्यांना हात लावायचा नाही हा आमच्या पुरातत्त्व खात्याचा नियम, आणि व्हीलचेअर वर गेलीच पाहिजे हाही खात्याचाच. आज टेकडीला वळसा घालून पाठीमागे गेले, तर झुडपांत एक बुटका दरवाजा, आणि पायथ्यापासून तिथपर्यंत सावकाश चढत गेलेली वाट. टेप लावला. बारा फुटांना जेमतेम एक फूट चढ — नियमात बसतो! कुणीतरी माझ्यासाठीच करून ठेवल्यासारखा.

घरी येऊन दादाजींना सांगितलं. गड त्यांच्याच गावचा. पण गाव सोडलं ते सोडलंच. कोराडीला पॉवर हाऊसमध्ये नोकरी केली, रिटायर झाले, गावात परत पाऊल ठेवलं नाही. म्हणाले, "हं." आणि पेपर वाचत राहिले.

९ जानेवारी

नकाशा झाला. मागे रॅम्प, रेलिंग, वेगळी पाटी. २० तारखेला साहेबांसमोर ठेवायचा. स्वतःवर खूश आहे.

१२ जानेवारी, रविवार

दीप्तीला गडावर नेलं. शाळेपासूनची मैत्रीण, नोकरी नागपूरला मिहानमधल्या कंपनीत, अपघातानंतर सहा वर्षं व्हीलचेअरवर. तिच्याइतकं कडक कोणी तपासणार नाही. वर गेली. एकदाही ढकलावं लागलं नाही. मी टाळीसाठी हात पुढे केला, तर तिनं दिली नाही.

"तुम्ही लोकं हत्तीदरवाजातून फोटो काढत जाल. अन् मी मागून काहून?"

म्हटलं, पुढून शक्यच नाही वं.

"हॉटेलात मालाच्या लिफ्टनं नेतात मले. लग्नात आचाऱ्याच्या दारानं. सगळे हेच म्हणतात, शक्यच नाही."

राग आला. दोन महिने राबले त्याचं हे! परतताना सरळ घरी. चहालाही थांबलो नाही, असं पहिल्यांदाच झालं.

१३ जानेवारी

दादाजींपुढे कुरकुर केली. नकाशा पसरून दाखवला — बघा, चढ तर आयताच होता, मी फक्त वापरला. त्यांनी चष्मा लावला. त्या वाटेवर बोट ठेवलं.

"आयता नाही वं. गाव मालगुजाराचं, त्याचा गोठा गडावर होता. ढोर मेलं की आपल्या वस्तीले बोलावणं ये. हत्तीदरवाजातून आपल्याले मनाई. मागून ओढत उतरवा लागे. ओढून ओढूनच झाली ते वाट."

मग म्हणाले, "माहा बाप ओढे. छप्पन साली आपण धम्म घेतला. त्यानंतर वस्तीतल्या कोणी दोराले हात नाही लावला."

चष्मा काढून पुसत राहिले.

ज्यांना समोरून घेता येत नाही त्यांना मागून घ्यायचं — हे मी माझ्या हातानं, आमच्याच गावात, पुन्हा काढून ठेवलं. लाज वाटली. दीप्तीनं सांगितलं तेव्हा वाटायला हवी होती.

१५ जानेवारी

नकाशा रद्द. पुढून रॅम्प बसत नाही म्हणजे नाहीच. चार वेळा काढून पाहिला. हाती पाच दिवस.

१७ जानेवारी

मग सगळ्यांनीच मागून जावं! तिकीट खिडकी, पार्किंग, सगळं तिकडेच. मंत्री असो की दीप्ती, वाट एकच. हत्तीदरवाजा आतून बघायचा. दीप्तीला फोन केला. "आता जमलं," म्हणाली. आणि मग, "रविवारी तर्री पोहे तुझ्याकडून."

दादाजींना सांगायची हिंमत झाली नाही. ज्या वाटेचं नाव त्यांनी इतकी वर्षं घेतलं नाही, तिच्यावरून लोक हौसेनं चालणार. त्यांना काय वाटेल?

२० जानेवारी, सोमवार

साहेबांच्या कपाळाला आठ्या. "पाहुण्यांना मागच्या दारानं नेणार, मॅडम?" म्हटलं, सर, काहींना चालतं तर सगळ्यांना का नाही? त्यांनी नकाशा जवळ ओढला. मग म्हणाले, वाटेची माहिती देणारी पाटी लावा, चार ओळी पुरे. आणि सही केली. मंजूर!

संध्याकाळी दादाजींना सगळं सांगितलं. पाटीचा मजकूरही वाचून दाखवला — 'हत्तीदरवाजातून मनाई असलेली वस्तीतली माणसं या वाटेनं मेलेली जनावरं ओढून नेत.' उठून आत गेले. जेवले नाहीत. मी वाचायलाच नको होतं.

२१ जानेवारी

सकाळी दादाजी माझ्या टेबलाशी आले. पाटीचा कागद मागितला. 'माणसं' या शब्दावर बोट ठेवलं.

"पोरंबी लिही. बाप म्हटलं मी तुले. बाप खाटेवर होता. दोर माह्या हातात होता. नऊ वर्षांचा होतो."