लाल फडक्यातली पोथी

ईट, ४ जानेवारी १९६३

पुस्तक गेलं! धाराशिवहून येताना लुगड्याच्या घडीत लपवून आणलं होतं, आईला पहिल्याच दिवशी सापडलं. वर घुबडाचं चित्र. तिला वाचता येत नसलं तरी घुबड कळतं. "पोटुशी बाईनं भुताचं ऐकू न्हाय. सातवा सरलाय तुझा, जरा तरी अक्कल हाय का?" पुस्तक माळ्यावर टाकलं. मला आता माळ्यावर चढता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

तसा त्यात काही राम नव्हता. उलट्या पायांची हडळ, विहिरीतलं हसू, अमावास्या. असल्यानं मला भीती वाटायची बंद झाली त्याला वर्ष झालं. हे वाचनालयात कारकून. लग्न झाल्यापासून संध्याकाळी एक भीतीची कादंबरी घेऊन यायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी बाजेवर पाय वर घ्यायची आणि जवळ सरकायची. सगळंच नाटक नव्हतं, पण थोडं होतं.

इथं माहेरी भ्यायचं तर सरकायचं कुणाकडं?

९ जानेवारी

धाराशिवच्या गाडीवर जाफरभाई कंडक्टर होते. त्यांच्याजवळ यांना निरोप दिला — खरोखर भीती वाटेल असं एखादं पुस्तक निवडून धाडा. आणि वर चित्र नको.

जाफरभाई म्हणाले, "भाभी, लोकं गाडीवरून साडी मागवतात, दवा मागवतात. तुम्ही डर मागवताय."

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ वाटला. गोड बोलायचं माणूस वीस कोसांवर.

१७ जानेवारी

आईनं परत दृष्ट काढली. मीठमिरच्या चुलीत टाकल्या, ठसका लागला नाही. "बघ, केवढी लागली व्हती." ठसका लागला असता तरी तिनं परत काढली असतीच.

तिचं तरी काय चुकतं? माझ्या आधीची चार गेली. एकही पाळण्यातून खाली उतरलं नाही. म्हणून माझं नाव कडू. कडू जिन्नस काळ तोंडात घालत नाही म्हणे. शाळेत पोरी लई चिडवायच्या. हे मला साखर म्हणतात, पण दार लावून.

२२ जानेवारी

काय सांगावं! पुस्तक आलं. पुठ्ठा गेलेलं, म्हणून यांनी लाल फडक्यात बांधून दिलं. आईनं जाफरभाईंच्या हातून घेतलं, कपाळाला लावलं आणि थेट देव्हाऱ्यात, माझ्या वडलांच्या, दादांच्या पोथ्यांवर! वर हळदकुंकू. "जावई शहाणा. बाळंतपणासाठी पोथी धाडली. आता रोज दिवेलागणीला बसायचं, एकेक अध्याय वाचायचा."

यांनी लाल फडकं मुद्दाम निवडलं की सहज हाताला लागलं, देव जाणे. जाफरभाई जाताना हळूच म्हणाले, "साब बोले, दिन में पढना."

२३ जानेवारी

वाचन सुरू. शेजारची सिद्धम्मा सुईण पण येऊन बसली. नशीब, पहिल्या प्रकरणात नुसतं शेत, घर आणि नवराबायको आहेत. संपल्यावर मी गंभीर तोंड करून म्हणाले, अध्याय पहिला संपूर्ण. दोघींनी हात जोडले. सिद्धम्मा म्हणाली, "लई रसाळ हाय गं."

पदर तोंडात कोंबून मोरीत गेले आणि पोट दुखेपर्यंत हसले. हे असते तर! हसू एकटीनं हसायचं म्हणजे अर्धंच.

२९ जानेवारी

आज दुपारी अंगणात उन्हाला बसून पुढचं वाचून काढलं. वाचायला नको होतं.

त्या बाईचं लेकरू जातं. मग एका संध्याकाळी दारावर थाप येते. छोटीशी थाप, दाराच्या अगदी खालच्या बाजूला. "आई, टोपडं राहिलं. गार लागतंय." बाई कडीला पाठ लावून बसते आणि उघडत नाही. दुसऱ्या दिवशी परत थाप. बस्स, एवढंच. रक्त नाही, हडळ नाही. माझ्या मांडीवर अर्धं शिवलेलं टोपडं होतं, ते उचलून आत ठेवून आले.

हे म्हणायचे, "पुस्तक मिटल्यावर घरातली रोजची वस्तू बघवेना, तर ते खरं भीतीचं. बाकीची नुसती घुबडं." हे पुस्तक त्या कसोटीला उतरलं. आमच्या दाराची कडी मला बघवत नाही.

दिवेलागणीला मी ती कडी लावली. आईनं उठून काढली. परत लावली, परत काढली. ही तिची जुनी खोड, संध्याकाळी कडी म्हणून लावू देत नाही. "आपल्या घरातलं चोर काय नेणार?" म्हणाली. चोराचं कुणी काढलं होतं?

३१ जानेवारी

ते प्रकरण आलं. मी पान उलटून मनानंच रचायला लागले. लेकरू म्हणजे बाळकृष्ण, घर म्हणजे गोकुळ, लोणी, शिंकं. सिद्धम्मा माना डोलवत होती. आई माझ्या तोंडाकडं बघत होती.

सिद्धम्मा गेल्यावर आई म्हणाली, "पहिल्या दिवशी त्या घरात कडबा रचलेला व्हता, गुऱ्हाळ व्हतं. तितं किस्नदेव कुठनं आला? मला वाचाया येत न्हाय, कान हायेत."

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, हेही माळ्यावर जाणार. ती म्हणाली, "खरं वाच." भुताचं ऐकू नये म्हणालीस ना, मी विचारलं. "तू तर वाचून बसलीस. आता म्या ऐकते."

वाचलं. आईनं टोपड्याचं वाक्य परत वाचायला लावलं. मग परत.

३ फेब्रुवारी

सलग तीन दिवस आई तेच प्रकरण वाचायला लावतेय. आज मी चिडले. म्हणाले, तुला भीती कशी वाटत नाही?

ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता बोलली, "कशाची भीती? येडी हाय ती बाई. दारात आलेलं लेकरू, आन् कडी घालून बसली." मग पुढची शेंग फोडून, "माझी चार गेली. एकबी आलं न्हाय. म्या तर कडी कधी घातलीच न्हाय."

मला वाटायचं, हा गावातल्या बाईचा निष्काळजीपणा. जन्मभर तिच्यावर खेकसत आले त्यावरून.

८ फेब्रुवारी

पोटात फार हालचाल. पाय मारतं. मुलगाच, असं सिद्धम्मा म्हणते. आईनं पुस्तक आपण होऊन फडक्यात बांधून ठेवलं. "आता नगं. तुझं झालं की वाचू."

यांची लई आठवण येते. पुस्तकाबद्दल बोलायचंय, पण जाफरभाईंजवळ सांगण्यासारखं नाही. समोर बसून सांगायचं आहे — तुम्ही निवडलेलं पुस्तक मला भिववून गेलं आणि आईला नाही. का, ते सांगताना यांचा हात हातात हवा.

११ फेब्रुवारी

टोपडं पुरं झालं. पिवळं, कडेला हिरवी गोट.

१९ फेब्रुवारी

पहाटेपासून कळा. सिद्धम्माला बोलावलंय. जाफरभाईंच्या गाडीनं यांना निरोप गेला. नंतर लिहीन.

२४ फेब्रुवारी

मुलगाच होता. रडला नाही. दादा त्याला कवटाळून ओढ्याकडं गेले. टोपडं घालायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ते माझ्या उशाखाली आहे.

हे आलेत. माझा हात धरून बसतात. काल पुस्तक पिशवीत घालून परत न्यायला निघाले होते, मी मागून घेतलं. "नको, भीती वाटेल तुला," म्हणाले. मी म्हणाले, नाही वाटत.

संध्याकाळी थंडी होती. यांनी उठून दाराला कडी घातली. आई उठायच्या आत मी भिंतीला धरून गेले आणि काढली.