आपोआप थांबणारी गाडी

ती. वन्संना,

सादर नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण खाली गेलं की वर यायला कुणाचा तरी हात लागतो आणि आत्ता घरात कुणी नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरता ना? गोळ्या वेळेवर घेता का, हे विचारत नाही, कारण तुम्ही आयुष्यात कुठलीच गोष्ट अवेळी केलेली नाही. इकडे तुमचे बंधू खुशाल आहेत. त्यांची झोप, भूक आणि मतं पूर्वीसारखीच आहेत. मी मात्र बरी नाही. ताप-खोकला काही नाही, पण मनातून पार खचले आहे. आणि हे तुम्हालाच लिहायचं कारण असं, की तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत.

विमा कंपनीतली नोकरी सोडून मी बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढते आहे हे सांगायला आले, तेव्हा तुम्ही भाजी निवडत होता. मान वर न करता म्हणालात, "या वयात माणसं गाडीत बसतात, शिकवत नाहीत." मला भयंकर राग आला होता. (परत जाताना तुमच्या फाटकाची कडी मुद्दाम लावली नव्हती, ती मीच.) आता वाटतं, ते वाक्य शाळेच्या पाटीवर रंगवून घेतलं असतं तर निदान लोक सावध तरी झाले असते.

शाळा म्हणजे एक खोली, तीन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दाराबाहेर एक पांढरी गाडी. शेजारी चाव्या बनवणारा आहे, त्याच्या कानशीचा आवाज दिवसभर दातांत शिरतो. गाडीला माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहे. शिकणारीने ऐन वेळी घोळ घातलाच तर शिकवणारीला थांबवता यावं म्हणून ते असतात. आता तुम्हाला माहीतच आहे, की कंपनीत मी अपघातांच्या दाव्यांच्या टेबलावर होते. वीसेक वर्षं मी दुसरं काही वाचलंच नाही. कोण उभ्या ट्रकवर आदळलं, कोण दूधवाल्याच्या सायकलवर, कोण स्वतःच्याच फाटकावर. (एका गृहस्थांनी तर आपल्याच दुसऱ्या गाडीला धडक देऊन दोन्हींची भरपाई मागितली होती, आणि अर्जात समोरच्या चालकाला बेजबाबदार म्हटलं होतं.) त्यामुळे इतरांना रस्त्यावर वळण दिसतं, मला वळणापलीकडचा पंचनामा दिसतो. शिकवायला माझ्याइतकं सावध माणूस शोधून सापडणार नाही, अशी माझी समजूत होती. तिथेच माशी शिंकली.

सुरुवात दृष्ट लागण्यासारखी झाली. पहिल्या विद्यार्थिनी तिघी: एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक दातांची डॉक्टर आणि एक बेकरीवाली. तिघी पहिल्या आठवड्यापासून अशा चालवायला लागल्या, की मलाच माझं नवल वाटलं. चौक आला की गाडी अलगद थांबायची. कुत्रं आडवं आलं की आधीच हळू व्हायची. मुख्याध्यापिका सगळीकडे सांगत सुटल्या, की बाईंची गाडी फार समजूतदार आहे. मी ते कौतुक म्हणून पदरात पाडून घेतलं. गाडी कधी समजूतदार असते का हो वन्सं? तुमच्या लक्षात तेव्हाच आलं असतं.

परीक्षेच्या दिवशी माझ्या जागी परीक्षक बसले आणि मी मैदानाच्या कडेला उभी राहिले. साहेबांनी पायावर पाय टाकला. मुख्याध्यापिकांनी गाडी ऐटीत काढली, वळण झोकात घेतलं, थांबायच्या पांढऱ्या रेघेपाशी आल्या, रेघ ओलांडली, कुंपणाची तार सोबत घेतली आणि कँटीनमागे वाळत घातलेल्या टेबलक्लॉथांमध्ये शिरल्या. गाडी बंद पडली म्हणून थांबली. कुणाला खरचटलंही नाही, पण साहेब एक टेबलक्लॉथ अंगावर घेऊनच उतरले. मुख्याध्यापिका शांत होत्या. मला म्हणाल्या, "रोज रेघ आली की आपोआप थांबते. आज काय झालं तिला?" मी उत्तर द्यायला पुढे झाले, तर चालता येईना. खाली पाहिलं. माझ्या उजव्या पायाची टाच मातीत रुतली होती आणि चपलेचा अंगठा तुटला होता. मी लांब उभी राहूनसुद्धा ब्रेक दाबला होता. तेव्हा मला कळलं, की इतके दिवस तिघींची गाडी कोण थांबवत होतं.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी आपल्या परीक्षेत ब्रेक शोधून काढला, पण तो किती दाबायचा हे त्यांच्या पायाला माहीतच नव्हतं. आधी साहेबांची टोपी काचेवर गेली, मागोमाग साहेब. दोघींनी शाळा सोडली. आता माझी दाढ दुखली तर दुसऱ्या गावी जावं लागणार.

उपाय केले नाहीत असं नाही. मांडी घालून बसून पाहिलं. कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ दिसले आणि मांडी कधी सुटली ते कळलंही नाही. माझ्या बाजूचा ब्रेक काढून टाका म्हटलं, तर मेकॅनिक म्हणाला की मग शाळेचा परवाना जाईल. शिवाय खरोखर गरज पडेल तेव्हा तो लागतोच. परवा तुमचे बंधू राजकारणावर बोलायला लागले, तर जेवणाच्या टेबलाखाली पाय दाबलेला होता. (ते थांबले नाहीत.)

बेकरीवाली तेवढी उरली आहे. तिला मी सगळं खरं सांगून टाकलं. ती हसली आणि म्हणाली, "बाई, माझ्या घरीही हेच आहे. मी हात घालायच्या आत कुणीतरी करून टाकतं." तिची पावाची गाडी दीर चालवतो, म्हणून पाव कुठे न्यायचे हे दीर ठरवतो, आणि पाव भाजते ती. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा आहे. पास झाली तर गाडीची किल्ली तिच्या हातात. नापास झाली तर दीर कायमचा, आणि माझ्याकडेही मग कुणी फिरकणार नाही. काल ती उतरून गेल्यावर मी गाडीतच बसून रडले. वन्सं, माझं वय आड आलं असतं तर इतकं लागलं नसतं. मी नोकरी सोडली, पण नोकरीने माझा पाय सोडलेला नाही.

कंपनीतल्या जुन्या साहेबांनी महिनाअखेरपर्यंत माझी खुर्ची राखून ठेवली आहे. तेव्हा मी शाळा बंद करते आहे. तुमचं खरं झालं. घरातल्या थोरांना नमस्कार. लहान कुणी नाही, म्हणून आशीर्वाद माझ्याजवळच ठेवते, मला लागतील.

तुमची,
बंधूंच्या घरची

ता. क. साहेबांना अजून होकार कळवलेला नाही. कळवायला बसले आणि हे पत्र लिहून झालं.

ता. क. दुसरा. मोजून आठवडा आहे. तुम्ही इकडे या. मागच्या सीटवर मधोमध बसा आणि माझ्या पायावर नजर ठेवा. मागून पाय दिसत नाही ही सबब सांगू नका. बाहेरच्या खोलीत बसून स्वयंपाकघरात मी मीठ विसरले हे तुम्हाला कळतं. पाय हलला की टोका. लग्न झाल्यापासून तुम्ही टोकलंत की मी जागच्या जागी थिजते, आणि आज मला नेमकं तेच हवं आहे. दुसऱ्या कुणाचा माझ्यावर इतका वचक नाही. बंधूंना सांगा गुडघे दाखवायला आले.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. बेकरीवालीला मात्र काही बोलू नका. ती चुकेल, गाडी चौकात बंद पडेल, मागचे हॉर्न वाजवतील, तुमची जीभ शिवशिवेल. तरी बोलू नका. बोलायचं ते मला.